वाटेत काही नको

तुस्कानो अंकलना वाटेत पडलेली वस्तू सहन होत नसे. पाण्याचा पाइप असो, फावडं असो, कुणा मजुराची चप्पल असो, नाहीतर वाऱ्यानं आणून टाकलेली पिशवी असो. चालता चालता ते वाकत, ती उचलून बाजूला ठेवत, आणि मग ज्याची असेल त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू होई. "वाट चालायला असते. वाटेत काही नको." मस्कतमध्ये कुरुमच्या आमच्या ऑफिसात शिपायानं दारात खोकं ठेवलं तरी हेच. एकदा मी वैतागून म्हटलं, "अंकल, तुम्ही स्वर्गाच्या दारातसुद्धा आधी वाट साफ कराल आणि मग आत जाल."

"करीन की. मग काय दारावरचा संत पेत्र करणार हाय?"

आमची कंपनी बागा तयार करायची. मी नकाशे काढायचे आणि अंकल ते जमिनीवर उतरवायचे. म्हणजे असं मी म्हणायचे. त्यांच्या मते मी कागद रंगवायचे आणि बागा ते करायचे. मूळचे वसईचे, केळीच्या आणि पानवेलींच्या वाडीत वाढलेले. बुटके, रुंद, डोक्यावरचे केस पांढरेशुभ्र आणि मिशी मात्र कलप लावून काळी कुळकुळीत. "डोकं देवाचं, मिशी माझी," हे त्यावरचं स्पष्टीकरण. भर जूनमध्ये, जिथं माणूस उभा वितळतो तिथं, हा गृहस्थ साइटवर इस्त्रीचा शर्ट घालून येई. खिशात कायम सुतळीचं गुंडाळं. रोप बांधायला, डबा बांधायला, फाइल बांधायला, चष्म्याची मोडकी काडी बांधायलासुद्धा तीच. बढाया तर विचारू नका. मस्कतमध्ये जेवढं हिरवं दिसतं त्यातलं निम्मं आपलं, असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत.

चूक कबूल करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. सीबच्या एका बंगल्यात त्यांनी सोनचाफा लावायचा हट्ट धरला. मी म्हटलं, जळेल. जळला. दुसरा लावला, तोही जळला. तिसरा गेला तेव्हा मी मुद्दाम विचारायला गेले. अंकल त्या काटकीकडे तुच्छतेनं बघत म्हणाले, "रोपच भित्रं होतं."

आणखी एक गोष्ट त्यांना कधी जमली नाही, ती म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्स. ओमानमध्ये लायसन्सला ड्रम टेस्ट असते. पत्र्याच्या ड्रमांमधल्या चिंचोळ्या जागेतून गाडी उलटी न्यायची, ड्रमला धक्का लागला की नापास. अंकलनी किती ड्रम पाडले ते तेच जाणोत. शेवटी त्यांनी नाद सोडला आणि त्याचंही तत्त्वज्ञान करून टाकलं. "माणसानं पुढं जायचं, बाय. मागं जायला देवानं डोळे दिले नायत."

मला ते 'बाय' म्हणायचे, वसईत लेकीबाळींना म्हणतात तसं. मी देवरुखची, तोंडानं फटकळ. आमचं भांडण झालं नाही असा आठवडा गेला नसेल. पण लायसन्स नसल्यामुळे दर शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, त्यांना गाडीतून न्यायचं काम माझ्याकडेच आलं. ते हमरियात राहायचे, आम्ही दोन गल्ल्या पलीकडे. माझा नवरा हॉटेलात, त्याला शुक्रवारी हमखास ड्यूटी. चर्च सुटलं की मी अंकलना घ्यायचे आणि डोंगराच्या कुशीतल्या ख्रिस्ती कब्रस्तानात सोडायचे.

तिथं फिलोमिना होती. त्यांची फिलू.

ती मी मस्कतला यायच्या आधीच गेलेली. हृदयाचा झटका आला, तोही भाजी निवडताना. वसईहून अंकलच्या भावानं फोनवर सांगितलं, तिला घेऊन ये, आपल्या चर्चच्या आवारात ठेवू. अंकलनी ऐकलं नाही. "ती म्हणायची, तू जिथं तिथं मी. मग तिला एकटीला विमानात टाकून कशी पाठवू? माझी नोकरी इथं." भावानं परक्या मातीत ठेवलीस म्हणून बोलणं टाकलं. तेव्हापासून अंकल सुट्टीला गेले तरी आठवड्याच्या आत परत. मृतांच्या दिवशी वसईत सगळी कब्रस्तानं फुलांनी आणि मेणबत्त्यांनी भरून जातात. इथं फुलं तासाभरात सुकतात, मेणबत्त्या वाकतात. जमीन सगळी खडीची. म्हणून अंकल कंपनीचं दाताळं बरोबर नेत आणि फिलूभोवतीची खडी ओढून सारखी करत. बागवानाच्या बायकोच्या उशाशी गवताचं पातं नाही, याची त्यांना लाज वाटे. एकदा म्हणाले, "अख्ख्या मस्कतला हिरवं केलं आणि हिला दगडगोटे दिले."

फिलूची जागा नळाच्या वाटेवर. लोक पाणी घ्यायला जाताना तिथूनच आडवे जायचे. दर शुक्रवारी सारख्या केलेल्या खडीवर बुटांचे ठसे. अंकलच्या दाताळ्याचा आवाज मग वाढायचा.

आणि त्यांची साठी जवळ आली होती. तेव्हा परदेशी माणसाचं वय साठ झालं की व्हिसा वाढवणं मालकाच्या हातात असायचं. त्यानं खास अर्ज केला तर केला, नाहीतर सामान बांधायचं. साठीचं नाव काढलं की अंकल मिशी चोळायला लागत. त्यांना बाकी कशाची भीती नव्हती. गेलो तर फिलूला कोण बघणार, एवढीच.

आमचे मालक, म्हणजे अर्बाब, स्वभावानं वाईट नव्हते. पण त्यांच्या 'इन्शाल्ला'चा अर्थ लावता लावता माणूस म्हातारा व्हायचा. अंकलनी दोनदा अर्जाचं विचारलं. दोन्ही वेळा "देखेंगे, इन्शाल्ला." अर्बाबना हिंदी चांगलं यायचं, कारण त्यांच्या वडिलांचा मुंबईशी खजुराचा व्यापार होता.

याच सुमाराला, म्हणजे दोन हजार चौदा-पंधराच्या आसपास, अर्बाबच्या डोक्यात जपानी बाग शिरली. बरकाला त्यांचं मोठं शेतघर होतं, तिथं ती करायची. नुसते फोटो बघून नाही, तर प्रत्यक्ष पाहून. अर्बाब, मी आणि अंकल असे तिघं जपानला निघालो. विमानतळावर अंकल माझ्या कानात म्हणाले, "बाय, ही बाग चांगली झाली की अर्ज पक्का." बरोबर त्यांनी वसईच्या सुकेळ्यांची, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांची, पुडकी घेतली होती. कुणाला द्यायची ते ठरलं नव्हतं, पण रिकाम्या हातानं कुठं जायचं नाही.

तिथं आम्ही एका जुन्या सरदाराचं घर आणि त्याची बाग बघायला गेलो. काही शतकांपूर्वीचं घर, सगळं लाकडाचं आणि कागदी सरकत्या दारांचं. थंडी सरत आली होती. उंबऱ्यात बूट काढायचे होते. अर्बाबनी सपाता झटकन काढल्या, आणि आमच्या इस्त्रीवाल्या अंकलच्या मोज्यातून अंगठा बाहेर. दिवसभर ते तो अंगठा दुसऱ्या पायाखाली दडवत फिरले. मी ओठ दाबून धरले होते.

आत खोल्याच खोल्या, आणि एकीतही सामान नाही. आमच्याबरोबर एक जपानी मुलगी होती, इंग्रजीतून माहिती सांगायला. ती म्हणाली, सरदार इथं बसायचा, त्या दारामागं शरीररक्षक दबा धरून असायचे, आणि ओसरीच्या फळ्या मुद्दाम अशा बसवल्या आहेत की पाय पडला की कुरकुरतात, कुणी चोरपावलांनी येऊ नये म्हणून. अर्बाब खूश झाले. त्यांच्या आजोबांच्या किल्ल्यात दारावर फट होती, तिथून शत्रूच्या डोक्यावर उकळता खजुराचा पाक ओतत, ते त्यांनी त्या मुलीला सांगितलं. अंकल फळीवर मुद्दाम पाय दाबून तो आवाज ऐकत होते. "सरदार असून झोप नाय बिचाऱ्याला," ते मला म्हणाले.

मग ओसरीवर आलो, आणि समोर बाग.

मी अंकलना बारा वर्षं ओळखत होते, पण एवढं गप्प त्यांना तेव्हाच एकदा पाहिलं. एका अंगाला तळं, पूल, दगडी दिवे, शेवाळाची हिरवी गादी. झाडांच्या टोकापासून चहूबाजूंना दोऱ्या ताणून फांद्या बांधल्या होत्या, बर्फाच्या ओझ्यानं मोडू नयेत म्हणून. त्या गाठी बघून एरवी ते नाचले असते. पण त्यांचं तिकडं लक्षच नव्हतं. ते दुसऱ्या अंगाला बघत होते. तिथं पाणी नाही, झाड नाही, पान नाही. पांढरी खडी पसरलेली, तिच्यावर दाताळ्यानं ओढलेल्या रेघा, मधे तीन-चार दगड. बस.

"ही पण बागच?" त्यांनी विचारलं.

मुलगी म्हणाली, "हो. सर्वांत मानाची. सरदार हिच्यासमोर बसायचा."

अंकलनी खिशातून रुमाल काढला आणि नाक शिंकरलं. मला कळलं ते कुठं पोचले होते. मी कॅमेऱ्याशी खेळत राहिले.

बूट घालून आम्ही बागेत उतरलो. सवयीप्रमाणे अंकल पुढं, मागं तळ्याकडे बघत येणारे अर्बाब, त्यांच्या मागं मी. ती मुलगी कुणाशी तरी बोलत मागं राहिलेली. पायवाटेला एके ठिकाणी दोन फाटे फुटत होते, आणि एका फाट्याच्या पहिल्याच फरशीवर मुठीएवढा दगड पडला होता. काळ्या दोरीनं चौफुली बांधलेला, वर छोटी गाठ. अंकल वाकले. कुणा कामगाराचं काही वजन राहिलं असणार, असं त्यांना वाटलं, हे मी शपथेवर सांगते. त्यांनी तो उचलला, वरची माती फुंकली आणि नीट झुडपाखाली ठेवला. वाट मोकळी झाली. अंकल दुसऱ्या फाट्यानं गेले आणि अर्बाब त्या मोकळ्या वाटेनं वळले. दोन पावलं शेवाळावर, आणि मग सरळ त्या पांढऱ्या खडीत. रेघांच्या मधोमध ठसे.

पलीकडे एक म्हातारा माळी होता, हातात लांब दाताळं, पायात अंगठा वेगळा असलेले कापडी बूट. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो लगबगीनं आला, अर्बाबच्या समोर गुडघ्यांवर बसला, कपाळ टेकेपर्यंत वाकला आणि काहीतरी बोलला. मुलगी धावत आली. तिचा चेहरा उतरला होता. ती म्हणाली, "ते माफी मागताहेत. इथं ही वाट बंद असली की दोरी बांधलेला दगड ठेवतात. तो पाहुण्यांना नीट दिसेल असा ठेवला नाही, ही त्यांची चूक, असं म्हणताहेत."

आजूबाजूची माणसं थांबून बघत होती. पाहुण्यानं चूक करावी आणि घरच्या म्हाताऱ्यानं त्याच्या पायाशी वाकावं, ओमानी माणसाला यापेक्षा मोठी शरम नसते. अर्बाब खडीतच उभे. बाहेर पडायचं तर आणखी ठसे उमटणार. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"ये पत्थर कौन उठाया?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

दगड उचलताना त्यांना फक्त मी पाहिलं होतं. अंकल गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. मी मनात म्हटलं, अंकल, आज तरी रोपावर ढकला.

"मैं उठाया, अर्बाब."

आयुष्यात पहिल्यांदा या माणसानं चूक कबूल केली, आणि तीही अशा वेळी.

हॉटेलच्या लिफ्टमध्ये अर्बाब मला म्हणाले, "तुस्कानो को बोलो, मस्कत जाके बात करेगा." हे 'बात करेगा' म्हणजे काय, ते मला आणि अंकलना दोघांनाही कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारचं विमान, आणि सकाळी अंकल खोलीत नाहीत. अर्बाबनी विचारलं. मी ठोकून दिलं, चर्चला गेलेत. घड्याळ बघून बघून माझा जीव गोळा झाला. निघायच्या जेमतेम आधी स्वारी हजर. पँटचे गुडघे मातीनं भरलेले आणि चेहरा मात्र चोरून पेरू खाल्लेल्या पोरासारखा.

"कुठं होतात?"

"त्याच्याकडं. सुकेळी द्यायला."

"त्या माळ्याकडं? आणि बोललात कुठल्या भाषेत?"

"बोलायचं काय त्यात? मी वाकलो, तो वाकला. मी पुन्हा वाकलो. मग त्यानं माझ्या हातात दाताळं दिलं."

म्हाताऱ्यानं त्यांच्याकडून अर्बाबचे ठसे पुसून घेतले होते. कसं, ते अंकलनी हॉटेलच्या गालिच्यावर मला करून दाखवलं. आतून सुरुवात करायची आणि मागं मागं येत खडी ओढायची, म्हणजे आपलीही पावलं आपल्याच दाताळ्यानं पुसली जातात आणि शेवटी माणूस आत गेलाच नव्हता असं दिसतं. बाहेर आलं की दगड ठेवायचा. म्हाताऱ्यानं त्यांना काळ्या दोरीचा हातभर तुकडा दिला होता. विमानात अख्खा रस्ता ते पाण्याच्या बाटलीला ती गाठ मारत आणि सोडत बसले. पुढच्या रांगेत अर्बाबची पाठ दिसत होती.

मस्कतला तिसऱ्या दिवशी बोलावणं आलं. आम्ही दोघं उभेच. अर्बाब म्हणाले, "बाग बनाओ. अच्छा बनेगा तो तुम्हारा पेपर भेजेगा." थोडं थांबून म्हणाले, "इन्शाल्ला."

मग बरकाचे ते महिने. अर्बाबना तळं हवं होतं, पण अंकलनी त्यांच्या गळी खडीची बागच उतरवली. खडी वादीतली, म्हणजे पावसाळी ओढ्याच्या कोरड्या पात्रातली. दगडही तिथलेच. शेवाळ कुठून आणणार, म्हणून कडेला गाफची, म्हणजे आपल्या शमीची, जुनी झाडं होती ती तशीच ठेवली. दगड कुठं बसवायचे यावरून आम्ही इतके भांडलो की मजूर लांब जाऊन बसायचे. एक दगड माझ्या म्हणण्यानं बसला, तो आजही चुकीच्या जागी दिसतो, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. उन्हाळा चढत होता, साठी जवळ येत होती. अंकल रात्री नीट झोपत नसावेत, डोळ्यांखाली काळं आलं होतं. आणि मिशीचा कलपही राहून जायचा. ते बघून मला जास्त भीती वाटायची. दाताळं मात्र त्यांनी कुणाला धरू दिलं नाही. ड्रम टेस्टला नापास झालेला तो माणूस पाठीमागं न बघता मागं मागं चालायला शिकला.

आणि शुक्रवारी फिलूकडे. तिथंही त्यांनी तीच पद्धत सुरू केली. रेघा ओढत मागं यायचं आणि नळाच्या वाटेवर दोरी बांधलेला दगड ठेवायचा. मी म्हटलं, "अंकल, इथं कुणाला कळणार याचा अर्थ? उचलून फेकून देतील." पुढच्या शुक्रवारी गेलो. एक ठसा नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही नाही. केरळची माणसं येतात, फिलिपाइन्सची येतात, गोव्याची येतात. जपान कुणी पाहिलेलं नाही. पण सगळी वळसा घालून नळाकडं जात होती. कुणाच्या तरी हातानं जपून बांधलेलं आहे, एवढं त्यांना पुरत असावं.

"पाहिलंस, बाय?" अंकल म्हणाले. त्या दिवशी ते गाडीत शीळ घालत होते.

बाग दाखवायला अर्बाबनी पाहुणे बोलावले. उतरतं ऊन होतं. रेघांवर गाफच्या सावल्या पडल्या होत्या आणि खरंच सांगते, मला माझ्या आणि त्यांच्या त्या कामाचा अभिमान वाटला. अंकल इस्त्रीचा शर्ट घालून, मिशी काळी करून वाटेच्या तोंडाशी उभे. त्यांच्या पायाशी दगड, काळ्या दोरीचा. अर्बाब खुशीत होते. येता येता मला म्हणाले, "तुस्कानो का पेपर मेरे टेबल पे है. कल भेजता." मी लांबूनच अंकलना डोळ्यांनी खूण केली. त्यांनी छातीवर क्रूस केला.

पाहुण्यांत एक बडं प्रस्थ होतं. त्यांना मधल्या मोठ्या दगडाला टेकून फोटो काढायचा होता. अर्बाब म्हणाले, "तुस्कानो, पत्थर हटाओ."

अंकल हलले नाहीत. मला वाटलं, ऐकू आलं नाही.

"तुस्कानो. हटाओ. यल्ला."

"अर्बाब, फोटो इधर से लो," अंकल म्हणाले. आवाज नेहमीसारखा चढा नव्हता. "जपान में मैं उठाया, तो वो बुढ्ढा आपके सामने झुका. आज मैं उठाएगा तो कौन झुकेगा?"

पाहुणा समंजस निघाला. हसला, म्हणाला, इथूनच छान दिसतं, आणि तिथूनच फोटो काढला. अर्बाबही हसले. पण नंतर त्यांनी अंकलकडे एकदाही बघितलं नाही.

परतताना गाडीत मी अक्षरशः तोंडसुख घेतलं. "अहो, एक दगड होता. उचलायचा, फोटो झाला की परत ठेवायचा. सकाळी रेघा ओढल्या असत्या. टेबलावर अर्ज पडलाय तुमचा. फिलूसाठी तरी उचलायचा."

ते खिडकीबाहेर बघत होते. तसेच बघत म्हणाले, "फिलूसाठीच नाय उचलला. मोठा माणूस आला म्हणून इथला उचलला, तर तिथला कशाच्या जोरावर ठेवू? दगड काय कुणाला अडवतो? मुठीएवढा तर हाय. लोक मान ठेवतात म्हणून तो तिथं हाय, बाय."

"आणि तुम्हीच इथं नसलात तर?"

त्यांचा हात खिशातल्या सुतळीशी चाळा करत होता.

अर्ज गेला नाही. चार-पाच दिवसांनी मी न राहवून अर्बाबच्या खोलीत गेले. म्हटलं, त्यांची बायको इथं आहे. अर्बाब म्हणाले, "मेरे को मालूम. मिट्टी देने मैं भी गया था." मग टेबलाकडे बघत म्हणाले, "वो सच बोला. लेकिन मेहमान के सामने बोला, मेरे घर में. खलास." मी खूप वाद घातला. अर्बाबसमोर कुणी एवढं बोललं नसेल. काही उपयोग झाला नाही. बाहेर आले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले, रागानं.

बरकाचा तो दगड अजून तिथंच आहे. अर्बाब रोज संध्याकाळी तिथं फिरतात आणि स्वतः त्याला वळसा घालतात. मी पाहिलंय. मला त्यांचा राग येतो आणि तो पुरता येतही नाही, ही माझी पंचाईत आहे.

अंकल जायच्या आदल्या शुक्रवारी मी त्यांना घेऊन गेले. सामान बांधून झालं होतं, सगळं सुतळीनं. वसईच्या भावाला त्यांनी फोन केला होता. भावानं एवढंच विचारलं, "एकटाच येतोस?" अंकल म्हणाले, "एकटाच."

गाडीत त्यांनी मला विचारलं, "तुला जमेल काय गो? दर शुक्रवारी नाय. जमेल तेव्हा."

"शिकवा की नीट," मी म्हटलं. "नाहीतर म्हणाल, बायच भित्री होती."

ते हसले. मग म्हणाले, "मागं मागं यायचं. तिच्याकडं पाठ करायची नाय, बस."

देवळातून निघताना देवाकडे पाठ करू नये, असं आमच्याकडे म्हणतात. मी हो म्हटलं. मी फाटकाशीच थांबले. ते आत गेले, फिलूपाशी गुडघे टेकून बसले, तिच्या नावावरची धूळ रुमालानं पुसली. काय बोलले ते इथपर्यंत येत नव्हतं. मग उठून त्यांनी दाताळं घेतलं आणि ओढायला सुरुवात केली. एक पाऊल मागं, एक ओढ. आणखी एक पाऊल मागं. त्यांचे स्वतःचे ठसे त्यांच्याच हातानं पुसले जात होते. फिलूच्या भोवतालची जागा संपली, नळाच्या वाटेवर त्यांनी दगड ठेवला, गाठ चाचपली. आता वळून चालत येतील असं मला वाटलं, पण ते वळले नाहीत. फाटकापर्यंतच्या अख्ख्या वाटेवर ते तसेच मागं मागं येऊ लागले.

त्यांच्या मागं, वाटेच्या मधोमध, कुणीतरी टाकलेली पाण्याची रिकामी बाटली पडली होती. त्यांना ती दिसणं शक्य नव्हतं. मी पटकन आत गेले, वाकून ती उचलली आणि बाजूला झाले. अंकल येतच होते, पाठ माझ्याकडे आणि तोंड तिच्याकडे.